माशाच्या पोटातली हवा

सारूळच्या खाणीत सुरुंग भरतो मी, अठरा वर्षं.
दगड कसा फुटतो, मला कुणी सांगायला नको.
शिट्टी, लाल फडकं, माणसं लांब,
मग जमीन एकदा खोकते
आणि डोंगराची एक कूस खाली बसते, दमल्यासारखी.
पण हेही ठाऊक आहे, की ओढ्यापलीकडच्या
इंदूबाईच्या भिंतीचा तडा
दर खेपेला थोडा पुढे सरकतो.

म्हणून द्वारकेजवळच्या त्या दवाखान्यात
डॉक्टर मेतकर म्हणाल्या, चिरफाड नको,
बाहेरूनच धक्के देऊन फोडू खडा,
तेव्हा मला खडा दिसलाच नाही.
भिंत दिसली.

भागू सहा वर्षांची.
सोनोग्राफीच्या कागदावर तिचं मूत्रपिंड,
राखाडी, घेवड्याच्या दाण्यासारखं,
आणि आत पांढरा ठिपका. नऊ मिलिमीटर.
एवढ्याला आम्ही खडीतही धरत नाही.
एवढ्यासाठी पोर रात्र रात्र गुडघे पोटाशी घेऊन.

किती धक्के, विचारलं.
दोन हजारांच्या आत.

मग मी ते सांगितलं, जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.
लहानपणी चुलत्याने दारणेच्या डोहात
जिलेटिनची कांडी टाकली होती.
पाणी फुगलं, निवळलं,
आणि मासे वर आले, पांढरी पोटं आभाळाकडे.
एकाच्याही अंगावर ओरखडा नाही.

बायकोने माझा हात दाबला, गप बसा म्हणून.
डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, माशाच्या पोटात हवेची पिशवी असते,
फुटते ती. पाण्यातून धक्का नुसता निघून जातो.
अंगातूनही जातो, अंग म्हणजे बरंचसं पाणीच.
अडतो तो दगडाशी.
आणि हवेशी.
उठून त्यांनी कपाटातून थर्माकोलचा तुकडा काढला,
टीव्हीच्या खोक्यात येतो तसाच.
हा तिच्या फुफ्फुसाच्या आड लावू.

आम्हीही भोकांवर जुने पट्टे टाकतो, वाळूची पोती टाकतो.
मी काही बोललो नाही.

लघवीत रक्त येईल एक-दोन दिवस, त्या म्हणाल्या.
एखादा तुकडा वाटेत अडकला तर नळी घालावी लागेल.
कदाचित दुसरी खेपही.
पुष्कळ मुलांत पाहिलंय, मूल वाढतं तसं मूत्रपिंड वाढतं.
पण कधीच काही होणार नाही,
असं मी लिहून देणार नाही.

इथे माझी सही झाली.
जो सुरुंगवाला म्हणतो काही होत नसतं,
त्याच्याजवळ मी उभा राहत नाही.

भागूला झोपवलं, हलू नये म्हणून.
दाराबाहेर ऐकू येत होतं: टक्. टक्.
शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकावा.
आधी हळू. फारच हळू. मधे थांबले.
पहिल्या भोकात आम्हीसुद्धा दारू कमीच भरतो,
दगडाचा स्वभाव कळेपर्यंत.
चारशे बारापर्यंत मोजलं मी, मग आकडा सुटला,
बायको म्हणाली, पुरे आता, चहा घ्या.

घरी आलो. लघवी गुलाबी, मग फिकी, मग नेहमीची.
चहाची जुनी गाळणी त्याच कामाला लागली.
तिसऱ्या दिवशी गाळणीत चिमूटभर कच.
काडेपेटीत घालून भागूने ती हलवून पाहिली कानाशी.
"पप्पा, एवढीच? हिने डंपर कसा भरायचा?"

आता तीन महिन्यांनी जातो.
तिच्या दंडाला इवलासा पट्टा बांधून रक्तदाब बघतात,
सोनोग्राफी करतात, आकडा लिहितात मागच्या आकड्याखाली.
ती पाय हलवत बसते, वेफर्सवर डोळा ठेवून.
मी आकडे बघतो.

मुकादमाला परवा म्हटलं,
भोकं लहान पाडू, दोन बारांत जरा वेळ ठेवू.
माल कमी पडेल, म्हणाला. बघू, म्हणाला.
तो कधी बघेल माहीत नाही.

येताना ओढा ओलांडून इंदूबाईकडे गेलो.
तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने
आडवी रेघ मारली
आणि खाली तारीख लिहिली.